ऋण चढ म्हणजे उतारच ना?

प्रश्न असा आलाय: भूगोलाच्या पुस्तकात 'तीव्र उतार', 'मंद उतार', आणि दहावीच्या भूमितीत मात्र 'रेषेचा चढ'. गोष्ट एकच, तर शब्द दोन कशाला? आणि चढ ऋण आला की सरळ उतार म्हणायला काय हरकत आहे?

बोलताना खुशाल म्हणा. उत्तरपत्रिकेत लिहू नका, कारण तिथे घोळ होतो.

रोजच्या वापरात चढ की उतार हे जाणाऱ्यावरून ठरतं. भोर घाटात लोहमार्गाचा सर्वांत तीव्र चढ ३७ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की उंचीत १ मीटरचा फरक. कर्जतहून लोणावळ्याला निघालेल्या गाडीला तो चढ, म्हणून तिला जोडीला बँकर, म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिनं लागतात. खाली येणाऱ्या गाडीला तोच उतार, तिथे सगळी काळजी ब्रेकची. रूळ दोघींचे सारखेच.

भूमितीतल्या रेषेवरून मात्र कुणी जात नाही की येत नाही. (१, ५) आणि (३, १) हे बिंदू घ्या. पहिल्याकडून दुसऱ्याकडे गेलात तर य-निर्देशकांतला फरक −४, क्ष-निर्देशकांतला २, पहिल्याला दुसऱ्याने भागून चढ −२. आता उलटे या. फरक ४ आणि −२. चढ पुन्हा −२च! दिशा फिरवली की दोन्ही चिन्हं एकदम फिरतात आणि भागाकार जागचा हलत नाही. म्हणजे हा चढ रेषेचा स्वतःचा आहे, प्रवाशाचा नाही. 'उतार' म्हटलं की आधी 'कुठून कुठे?' हे सांगावं लागतं. शिवाय या रेषेचा उतार २ लिहायचा की −२, हे नवीन भांडण.

समांतर रेषांपाशी ही सोय खरी कळते. अशा दोन तिरक्या रेषांना क्ष-अक्ष ही छेदिका धरा. अक्षाच्या धन दिशेशी होणारे दोन कोन संगत कोन असतात, म्हणून समान. रेषेचा चढ म्हणजे या कोनाचा टॅन, तेव्हा टॅन समान म्हणजेच चढ समान, आणि तोही चिन्हासकट. एकीचा 'चढ २' आणि दुसरीचा 'उतार २' असं लिहिलं तर दोन्हीकडचे २ पाहून घाईत कुणीही त्यांना समांतर ठरवेल. प्रत्यक्षात त्या एकमेकींना छेदतात. २ आणि −२ लिहिल्यावर ही फसगत होत नाही. (उभ्या रेषा एकमेकींना समांतर असूनही त्यांना चढच नसतो, कारण शून्याने भागायची वेळ येते. 'चढ शून्य' ही आडव्या रेषेची गोष्ट. परीक्षेत इथे हमखास गफलत होते.)

भूगोलाला चिन्हाची गरजच नाही. समोच्चरेषा (नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) जवळजवळ आल्या की उतार तीव्र, लांब गेल्या की मंद. जमीन किती उभी आहे एवढंच तिथे विचारायचं असतं. गवंडी न्हाणीच्या फरशीला 'ढाळ' देतो तोही असाच, पाणी जाईल त्या बाजूचा. मला हा शब्द फार आवडतो, पण 'रेषेला ढाळ' म्हटल्यावर वर्ग आवरणार कोण? हिंदीतला 'ढाल' आपल्याकडे तलवारीसोबत जातो. तिथलीच 'प्रवणता' उचलावी, तर मराठीत 'प्रवण' म्हटलं की अपघातप्रवण वळणाची पाटीच आठवते. त्यापेक्षा 'ऋण चढ' बरा.