घाबरलोच नाही, मग पिक्चर वाईट का?

गेल्या अंकात मी कमी बजेटच्या इंडी (म्हणजे मोठ्या स्टुडिओच्या बाहेर, स्वतंत्रपणे केलेल्या) हॉररबद्दल जरा प्रेमाने लिहिलं आणि त्यावर आलेली पत्रं वाचून वाटलं की भुतापेक्षा प्रेक्षकच जास्त चवताळतात. निम्म्या पत्रांचा सूर "तुमच्या नादाला लागून दीड तास गेला" असा, आणि उरलेल्यांचा "अजून असे सांगा ना". तर या वेळी सगळे प्रश्न त्याच विषयावरचे घेतलेत.

प्रश्न: एक छोटासा हॉरर पिक्चर बघायचा होता म्हणून आधी लोकांची मतं वाचली. एक म्हणतो "रात्रभर दिवा लावून झोपलो", त्याच्या खालचाच म्हणतो "दिवा कसला, मला तर मधेच झोप लागली, काही घडतच नाही राव". दोघंही खोटं बोलतायत असं वाटत नाही. विश्वास ठेवायचा कोणावर?

उत्तर: दोघांवर. भीती ही गुदगुल्यांसारखी आहे, एखाद्याला झाल्या नाहीत तर त्याला पटवून देता येत नाही की अहो या गुदगुल्याच होत्या. ड्रामा आवडला नाही तरी माणूस म्हणतो काम चांगलं होतं, गाणी बरी होती. हॉररचं तसं नाही, घाबरलो नाही की थेट एक स्टार, विषय संपला.

आणि दुसरी गोष्ट, बरेचदा लोक पिक्चरला मार्क देतच नाहीत, ट्रेलरला देतात. अमेरिकेत सिनेमास्कोर नावाची कंपनी आहे, १९७९ साली सुरू झालेली. पहिल्या दिवसाचा शो बघून आलेल्या लोकांकडून ती कार्ड भरून घेते आणि ए प्लसपासून एफपर्यंत ग्रेड काढते. समीक्षकांनी डोक्यावर घेतलेल्या 'हेरेडिटरी'ला २०१८ मध्ये तिथे डी प्लस मिळाला, 'द विच'ला त्याआधी सी मायनस. पिक्चर तेच, पण तिकीट काढणाऱ्याला वाटलं होतं दर पाच मिनिटांनी दचकायला होईल आणि समोर आलं एका घराचं सावकाश कुजत जाणं. मग तो चिडणारच ना, त्याची चूक नाही, फक्त त्याचा राग पोस्टरवर आहे आणि मार्क दिग्दर्शकाचे कापले गेलेत.

इंडीच्या बाबतीत अजून एक गंमत असते. सुरुवातीची पन्नासेक मतं असतात ना, त्यातली बरीचशी घरचीच असतात. कॅमेरामनची बहीण, भुताचं काम करणाऱ्याचे रूममेट, सगळे दहापैकी दहा देऊन मोकळे. मग बाहेरची माणसं येतात, त्यांना दहाचा पिक्चर म्हणून सहाचा पिक्चर दिसतो, ती रागाने दोन देतात. त्यामुळे आकडा बघूच नका. मधलं मत शोधा, म्हणजे "अमुक आवडलं पण तमुक खटकलं" असं लिहिणारा माणूस. आणि तक्रार नीट वाचा. "काहीच दाखवत नाहीत, नुसता दरवाजा दाखवतात" असं कोणी वैतागून लिहिलं असेल तर मी तरी लगेच तो पिक्चर लावतो, कारण मला तो दरवाजाच बघायचा असतो.

प्रश्न: त्या दरवाज्याबद्दलच विचारायचं होतं. शेवटपर्यंत भूत दाखवत नाहीत आणि वर म्हणतात "प्रेक्षकांच्या कल्पनेवर सोडलंय". सरळ सांगा ना पैसे नव्हते म्हणून!

उत्तर: नव्हतेच पैसे, खरंय. पण पैसे नसले म्हणून काय झालं? १९४२ चा 'कॅट पीपल' घ्या. निर्माता वॅल ल्युटन, स्टुडिओने हातावर टेकवलेलं बजेट अगदी तुटपुंजं. त्यात एक बाई रात्री भिंतीच्या कडेने एकटी चाललीय, तिच्या टाचांचा टकटक आवाज येतोय आणि मागून दुसऱ्या कोणाच्या तरी टाचा. मग मागचा आवाज बंदच होतो. ती थांबते, वळून बघते, कोणी नाही. परत चालायला लागते, आता जरा भरभर, आपणही खुर्चीत पुढे सरकतो, आणि एकदम फिस्स करून कानाजवळ काहीतरी फुत्कारतं... ती बस असते. ब्रेक लावून तिच्यासमोर थांबलेली साधी सिटी बस! मागे लागलेलं जनावर दाखवायचा खर्च शून्य. तेव्हापासून अशा फसव्या दचक्याला 'ल्युटन बस' म्हणायची पद्धतच पडलीय.

तेव्हा न दाखवणं ही चोरी नाही. चोरी कधी होते, तर न दाखवता काही ऐकवतही नाहीत, सुचवतही नाहीत, नुसता अंधार सोडून देतात तेव्हा. तसं असेल तर तुमचा राग रास्त आहे, खुशाल शिव्या घाला.

शेवट कळला नाही अशीही तक्रार नेहमी येते. 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'च्या (१९९९) सुरुवातीच्या शोंमध्ये हेच झालं, शेवटचा शॉट लोकांच्या डोक्यावरून गेला. दुसरे शेवटही शूट करून बघितले म्हणे, पण दिग्दर्शकांनी मूळचाच ठेवला आणि आधीच्या भागात एका मुलाखतीत गाववाल्याच्या तोंडी चार वाक्यं घातली. तेवढ्याने तो शॉट अंगावर यायला लागला. (शॉट काय आहे ते सांगणार नाही, ज्यांनी बघितला नाही ते मला सोडायचे नाहीत.) म्हणजे प्रेक्षकांची तक्रार बरोबर होती, त्यांनी सुचवलेला उपाय चुकीचा होता. हे फार वेळा होतं.

प्रश्न: रक्त सरबतासारखं दिसतं, विग कळतो, ॲक्टिंग शाळेच्या गॅदरिंगसारखी. गरीब आहेत म्हणून मार्क वाढवून द्यायचे का?

उत्तर: अजिबात नाही. पण कापायचे तर कशाचे कापताय ते बघा. जॉर्ज रोमेरोच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये (१९६८) रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं होतं. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये ते असं काही काळंभोर आणि चिकट दिसतं की खऱ्या रक्तापेक्षा जास्त किळस येते. 'हॅलोविन'मधला (१९७८) खुन्याचा तो पांढराफटक मुखवटा म्हणजे दुकानातून आणलेला 'स्टार ट्रेक' मालिकेतल्या कॅप्टन कर्कचा मास्क, केस आणि डोळे जरा बदलून पांढरा रंग मारलेला. लोकांना कळलं का? त्या चेहऱ्यावर काहीच भाव नाहीत म्हणून लोक टरकले, बाकी कोणाला पडलीय.

थोडक्यात सिरप असण्याला मार्क कापू नका, सिरपवर क्लोजअप मारून दहा सेकंद थांबण्याला कापा. हातात जे आहे ते ओळखून शॉट लावला का एवढंच मी बघतो.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे, आवाज. चित्र हललं, दाणेदार आलं, अंधारलं, सगळं माफ, उलट हॉररमध्ये ते शोभतं सुद्धा. पण संवाद खोलीच्या घुमाऱ्यात बुडालेत, माईक कॅमेऱ्यालाच लावून ठेवल्यामुळे लांबचा माणूस विहिरीतून बोलल्यासारखा येतोय, शॉट बदलला की मागची शांतताही बदलतेय, तर पिक्चर संपला माझ्यासाठी. ही शेवटची चूक तर फुकटात टाळता येते हो. प्रत्येक जागी शूटिंग झाल्यावर सगळ्यांना गप्प उभं करून त्या खोलीची एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करायची, ती सगळ्या शॉटखाली पसरली की जोड कळत नाहीत. प्रेक्षक हे कधी असं लिहिणार नाही, तो लिहिणार "काहीतरी स्वस्त वाटत होतं". नव्वद टक्के वेळा ते आवाजामुळेच असतं असं माझं मत आहे, पुरावा मागू नका.

आणि ॲक्टिंगचं म्हणाल तर जपानचा 'वन कट ऑफ द डेड' बघा. पहिली ३७ मिनिटं एकच सलग शॉट, काम अडखळतं, कॅमेरा कुठेही जातो, मधेच सगळे ओशाळवाणे गप्प. विसाव्या मिनिटाला बंद करून एक स्टार देणारे भरपूर भेटतील. पुढे कळतं ते सगळं तसं का होतं. साधारण ३० लाख येनमध्ये केलेला पिक्चर, २०१८ मध्ये दोन छोट्या थिएटरात लागला आणि लोकांनी एकमेकांना सांगून सांगून तो ३०० कोटी येनच्या वर नेला. तेव्हा मत देणाऱ्याने पिक्चर पूर्ण बघितलाय का, हेही जरा तपासा.

प्रश्न: फाउंड फुटेजवाले (म्हणजे पात्रांनीच शूट केलेलं नंतर सापडलंय असं दाखवणारे पिक्चर, त्यातली माणसं) जीव वाचवताना कॅमेरा का फेकून देत नाहीत?

उत्तर: फेकला तर पिक्चर संपेल म्हणून. आणि हलत्या कॅमेऱ्याने मळमळत असेल तर मागच्या रांगेत बसा, 'ब्लेअर विच'च्या वेळी लोक खरंच उठून बाहेर जात होते.

प्रश्न: आम्ही मित्रांनी मिळून एक हॉरर केलाय. ओळखीचे सगळे "भारी झालाय" म्हणाले, अनोळखी लोकांना दाखवला तर तिघं मधूनच उठून गेले. तेव्हापासून माझी झोप उडालीय.

उत्तर: उठून गेले म्हणजे कंटाळूनच गेले कशावरून? 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' ओरेन पेलीने स्वतःच्याच घरात सात दिवसांत, सुमारे १५ हजार डॉलरमध्ये केला. तो घेणाऱ्या स्टुडिओचा विचार आधी नवीन नटांना घेऊन परत बनवायचा होता. टेस्ट शोला लोक उठून जायला लागले, साहेब लोकांना वाटलं पडला, आणि मग कळलं की ते घाबरून बाहेर पडतायत, असा किस्सा सांगतात. शेवटी २००९ मध्ये तोच घरगुती पिक्चर थिएटरात गेला आणि जगभरात १९ कोटी डॉलरच्या वर कमावून आला. तुमचंही तसंच असेल असं नाही म्हणत हां, तुमच्यावेळी बहुधा कंटाळाच असेल. पण विचारा तरी.

आणि "कसा वाटला?" असं कधीही विचारू नका, त्याचं उत्तर "मस्त" हेच येतं, लोक सभ्य असतात. "कुठे वाटलं की आता संपावं?" असं विचारा. "आई वरच्या खोलीत का गेली?" असं गोष्टीतलंच काहीतरी विचारा, उत्तर आलं नाही तर तुमचं एडिटिंग चुकलंय. आणि पुढच्या शोला पडद्याकडे पाठ करून, बाजूला कोपऱ्यात, प्रेक्षकांची तोंडं दिसतील असे बसा. कोणाच्या चेहऱ्यावर फोनचा उजेड पडला की घड्याळात बघून वेळ टिपून ठेवा. तीन जणांचा फोन एकाच मिनिटाला उजळला तर तो सीन किती का जीव ओतून केलेला असेना, कापा. माणसं खांदे आखडून, हात तोंडाशी नेऊन बसलीत आणि बाहेर आल्यावर म्हणतायत "ठीक होता", तर त्या "ठीक"कडे दुर्लक्ष करा, खांद्यांवर विश्वास ठेवा.

घरच्यांना दहापैकी दहा द्यायला मात्र सांगू नका. वर बघितलंत ना काय होतं ते.

प्रश्न: तुम्ही सांगितलेला पिक्चर मोबाइलवर बघितला, फार भीती वाटायला लागली म्हणून अर्ध्यातून आवाज बंद केला. नंतर काही विशेष वाटला नाही. दोन स्टार दिलेत, चालतील ना?

उत्तर: भीती वाटली म्हणून आवाज बंद केलात आणि वर दोन स्टार? अहो, ते अर्ध्यावर थांबून बटण दाबणं हाच तर त्या माणसाला मिळालेला पुरस्कार होता! असल्या पिक्चरची निम्मी मेहनत खालच्या पट्टीतल्या घरघरीत असते आणि मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून ती तशीही बाहेर पडत नाही, तुम्ही तर राहिलेलीही बंद केलीत. हेडफोन लावा, जिथे बंद केला होतात तिथूनच सुरू करा, आणि मग स्टार बदललेत की नाही ते कळवा.