वाचक विचारतात : पाचही स्वराक्षरे असलेला इंग्रजी शब्द कसा शोधावा?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत सातवीला इंग्रजी शिकवते. मुलांसाठी शब्दखेळ तयार करताना ठरावीक अक्षरे असलेले शब्द हवे असतात. ए, ई, आय, ओ आणि यू ही पाचही अक्षरे एकाच शब्दात हवी असली, तर मला ‘एज्युकेशन’ हा एकच शब्द आठवतो. शब्दकोश पहिल्या अक्षराप्रमाणे लावलेला असतो. मग पोटात अमुक अक्षरे असलेले शब्द त्यात शोधायचे कसे? — एक शिक्षिका

उत्तर : आपली अडचण खरी आहे. शब्दाचे पहिले अक्षर ज्याला ठाऊक आहे त्याच्यासाठी शब्दकोश रचलेला असतो, त्यामुळे मधल्या अक्षरांवरून त्यात वाट काढता येत नाही. पण शोधाला लागण्यापूर्वी आपल्याला नेमके काय हवे आहे हे ठरवावे लागते, कारण ‘अमुक अक्षरे असलेला शब्द’ या मागणीचे तीन वेगळे अर्थ होतात. अक्षरे एकमेकांना लागून हवीत, की क्रमाने पण मध्ये इतर अक्षरे आली तरी चालतील, की कोणत्याही क्रमाने कुठेही असली तरी पुरे? आपला प्रश्न तिसऱ्या प्रकारचा आहे आणि हाताने शोधायला तोच सर्वांत कठीण.

मुलांना एक गोष्ट सुरुवातीलाच सांगावी, असे मला मनापासून वाटते. मराठीत स्वर म्हणजे ध्वनी. आपण जसे बोलतो तसे लिहितो. या खेळातला इंग्रजी स्वर मात्र कागदावरचे अक्षर आहे. ‘रिदम’ म्हणताना आपण दोन स्वर उच्चारतो, पण आर-एच-वाय-टी-एच-एम या स्पेलिंगमध्ये त्या पाचांपैकी एकही अक्षर नाही. म्हणून शब्द देवनागरीत मनात न घोळवता रोमन लिपीत फळ्यावर लिहूनच तपासावा.

आता मुख्य युक्ती. शब्दाच्या सुरुवातीचा नाद सोडून शेवटाकडे पाहावे. ए-टी-आय-ओ-एन हा शेवट घेतला की ए, आय आणि ओ ही तीन अक्षरे एका झटक्यात हाती येतात आणि त्याआधी केवळ ई व यू आणणे बाकी राहते. असा विचार केला की ‘एज्युकेशन’च्या शेजारी ‘इक्वेशन’, ‘रेग्युलेशन’, ‘रेप्युटेशन’, ‘स्पेक्युलेशन’ आपोआप येऊन बसतात. त्याचप्रमाणे आय-ओ-यू-एस या शेवटात आय, ओ आणि यू तयार असतात. त्याआधी ए आणि ई आणले की ‘टेनेशस’, ‘ग्रेगॅरियस’, ‘नेफॅरियस’, ‘प्रिकॅरियस’ हे शब्द मिळतात. या कुटुंबातला ‘फसीशस’ तर फारच देखणा आहे, कारण एफ-ए-सी-ई-टी-आय-ओ-यू-एस या स्पेलिंगमध्ये पाचही स्वराक्षरे वर्णमालेच्याच क्रमाने आणि प्रत्येकी एकदाच येतात. मिताहारी या अर्थाच्या ‘ॲबस्टीमियस’ या शब्दातही तोच क्रम आहे. शेवटावरून शब्द लावण्याची कल्पना नवी नाही. जॉन वॉकर यांनी १७७५ साली प्रसिद्ध केलेला इंग्रजी कोश यमक जुळवणाऱ्यांच्या सोयीसाठी शब्दांच्या अंत्य अक्षरांनुसारच लावला होता.

सातवीच्या मुलांना ओळखीचे वाटतील असे शब्द हवे असतील, तर ‘कॉलिफ्लॉवर’, ‘डायलॉग’, ‘बिहेव्हियर’ आणि ‘फेव्हरिट’ घ्यावेत. यांतल्या शेवटच्या दोघांविषयी सावध राहावे लागते. आपल्या शाळांत शिकवल्या जाणाऱ्या ब्रिटिश स्पेलिंगमध्ये त्यांत यू असतो, पण अमेरिकी स्पेलिंगमध्ये तो गळतो आणि शब्द आपल्या यादीतून बाद होतो. तयार शब्दयादी वापरताना ती कोणत्या पद्धतीची आहे, हे आधी पाहावे.

अक्षरांना असा सोयीचा शेवट नसेल, तर सर्वांत दुर्मीळ अक्षरापासून सुरुवात करावी. इंग्रजी लेखनात ई हे अक्षर सर्वांत जास्त आढळते, तर क्यू, झेड, जे आणि एक्स ही फार क्वचित. आल्फ्रेड बट्स या अमेरिकी वास्तुविशारदाने १९३० च्या दशकात ज्या खेळाची रचना केली आणि जो पुढे ‘स्क्रॅबल’ या नावाने जगभर गेला, त्यातील अक्षरांचे वाटप त्याने वृत्तपत्रांतील अक्षरे मोजून ठरवले होते. म्हणूनच १०० सोंगट्यांत ई १२ वेळा आहे, आणि क्यू व झेड प्रत्येकी एकदाच असून त्यांना १० गुण आहेत. क्यू आणि झेड दोन्ही असलेला शब्द हवा असेल, तर आधी क्यूचे शब्द आठवावेत. ते इतके थोडे असतात की ‘क्विझ’, ‘क्वार्ट्झ’, ‘स्क्वीझ’ लवकर सापडतात.

लागून असलेल्या अक्षरांच्या बाबतीत शब्दाचे मूळ कामी येते. पी-एच-टी-एच असा जुडगा दिसला की शब्द ग्रीक आहे, असे बहुधा समजावे : घटसर्पाचे नाव ‘डिप्थेरिया’, ‘नॅप्था’, ‘डिप्थाँग’, ‘ऑप्थॅल्मॉलॉजी’. आपण त्यातला पहिला एच उच्चारत नाही आणि म्हणूनच लिहितानाही तो वारंवार विसरतो.

शाळेत संगणक असेल, तर काम पुष्कळ हलके होते. एका ओळीत एक शब्द अशी शब्दयादी घ्यावी आणि ती चाळणीतून चाळावी : आधी यू असलेले शब्द ठेवायचे, उरलेल्यांतून ओ असलेले, मग आय, ए आणि शेवटी ई. १९७३ पासून युनिक्स या संगणकप्रणालीत असलेली ‘ग्रेप’ ही आज्ञा नेमके हेच करते आणि लिनक्सवर ती आजही मिळते. पाच वेळा एकापुढे एक जोडली की यादी क्षणात गाळून मिळते. मात्र यादीतले सगळेच शब्द मुलांच्या उपयोगाचे नसतात. ती निवड आपल्यालाच करावी लागेल.

प्रश्न : क्यू आहे पण त्यानंतर यू नाही, असे इंग्रजी शब्द असतात का? — एक वाचक

उत्तर : असतात, आणि त्यांतले काही आपल्या रोजच्या बोलण्यातले आहेत. क्यूबरोबर यू लिहिण्याची रूढी लॅटिन आणि फ्रेंचमधून आली. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर जुन्या इंग्रजीतले सी-डब्ल्यू हे लेखन मागे पडून क्यू-यू रूढ झाले. पण अरबी ‘काफ’ हे अक्षर रोमन लिपीत एकट्या क्यूने दाखवतात. म्हणून फकीर आणि कव्वाली हे शब्द इंग्रजी कोशांत क्यूने, पण यूविना लिहिलेले आढळतात. मराठीत मात्र आपण ते साध्या ‘क’नेच लिहितो, त्यामुळे हा भेद आपल्या नजरेत येत नाही. इराक आणि कतार ही नावेही तशीच आहेत, पण विशेषनामे असल्याने स्क्रॅबलमध्ये चालत नाहीत. तिथे उपयोगी पडतो तो चिनी भाषेतून आलेला, केवळ क्यू आणि आय या दोन अक्षरांचा ‘ची’ हा शब्द.