थायरॉईडची गोळी चालू आहे, झोपेसाठी अश्वगंधा घेऊ का?

प्रश्न: नमस्कार मॅडम, मी पिंपळगाव बसवंतजवळ राहते, वय 43, आमची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणी झाली की माझी झोपच उडते, त्यात आता बाग फुलोऱ्यात आणि जरा आभाळ आलं की छातीत धडधडतं, रात्री दोन-अडीचला जाग आली की मग मोबाईलवर हवामान बघत बसते. नाशिकहून नणंदेनं अश्वगंधाच्या कॅप्सूल आणून दिल्यात, म्हणते आयुर्वेदिक आहे, काही होत नाही, रात्री दुधातून घे. थायरॉईड कमी असल्यानं त्याची गोळी बऱ्याच वर्षांपासून चालू आहे. घेऊ का? सवय तर लागणार नाही ना?

उत्तर: ताई, कॅप्सूल सध्या कपाटातच राहू द्या आणि आधी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) करून घ्या. कारण थायरॉईडच्या गोळीचा डोस जास्त होत असेल तर धडधड, घाबरल्यासारखं होणं, झोप न लागणं हे सगळं त्यानंच होतं, आणि अश्वगंधानं काहींच्या अंगातलं थायरॉईड हार्मोन वाढतं, म्हणजे दुखणं तेच आणि वर आणखी भर. फुलोऱ्यात पाऊस झाला की घडकूज आणि गळ, त्यामुळे काळजी खरीच आहे, नाही कोण म्हणतंय, पण सगळं बागेवर ढकलून मोकळं नका होऊ.

आता अश्वगंधाचं. अगदीच थोतांड नाहीये ते. मुळाचा अर्क रोज 300 ते 600 मिग्रॅ देऊन छोटे छोटे अभ्यास झालेत, बरेचसे आपल्याच देशात, त्यात सहा-आठ आठवड्यांत झोप थोडी सुधारली, काळजी कमी वाटली असं दिसलंय. थोडी हां, आज घेतली आणि आजच घोरायला लागलो असं होत नाही. झोपेच्या गोळीसारखी सवय लागल्याचं दिसलेलं नाही, पण तीन महिन्यांच्या पुढे घेत राहिलं तर काय, याचे अभ्यास फारसे नाहीत. आणि "काही होत नाही" हे नणंदबाईंचं मला पटत नाही, क्वचित लिव्हरला सूज आल्याच्या केसेस आहेत. डेन्मार्कनं तर 2023 मध्ये बंदीच घातली, ती मला जरा अतीच वाटते, पण डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज असं काही झालं तर लगेच बंद करून डॉक्टर गाठायचा. झोपेची, शुगरची, बीपीची गोळी चालू असेल किंवा दिवस गेलेले असतील तर विचारल्याशिवाय घ्यायचीच नाही. टीएसएच नॉर्मल आला आणि तुमचे डॉक्टर हो म्हणाले, तर डबीवर मूळ लिहिलंय की पान ते बघा, मुळाचंच घ्या, आणि दीड-दोन महिन्यांनी टीएसएच परत करा.

रात्री दोनला रडारचे फोटो बघून ढग हलत नाहीत. फवारणीचं जे ठरवायचं ते संध्याकाळीच कागदावर लिहून टाका, मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला, दुपारी चारनंतर चहा बंद, आणि वीसेक मिनिटं झोप नाही आली तर सरळ उठून बसा, कूस बदलत पडून राहू नका. तरी घाबरं होतच राहिलं तर टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनला, 14416 वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात.

आणि दुधाचं म्हणाल तर रात्री खुशाल घ्या, फक्त सकाळची थायरॉईडची गोळी उपाशीपोटी पाण्यानंच, दुधाबरोबर ती नीट अंगी लागत नाही.