चोलोचोमधून अपक्ष कसा काय निवडून आला?

तुमचा प्रश्न असा: झिम्बाब्वेच्या खेड्यापाड्यांत कायम सत्ताधारी झानू-पीएफच जिंकतो असं वाचलं, मग त्सोलोत्शो नावाच्या ग्रामीण मतदारसंघातून लागोपाठ दोनदा अपक्ष खासदार कसा झाला, आणि तिथला निवडणुकांचा इतिहास काय?

आधी नावाचं बघू. इंग्रजी स्पेलिंग वाचून आपण त्सोलोत्शो म्हणतो, पण तिथली माणसं ‘चोलोचो’ म्हणतात. गोऱ्यांच्या राजवटीत हेच नाव वेगळ्या स्पेलिंगने लिहायचे. मूळ शब्द तिथल्या सान लोकांच्या भाषेतला, अर्थ ‘हत्तीचं डोकं’ असं सांगतात. मी काही वर्षं बोट्स्वानात फ्रान्सिसटाउनला एका घाऊक दुकानात हिशेब बघायला होतो. आमच्या गोदामातली निम्मी माणसं सीमेपलीकडची, आणि त्यातली बरीचशी चोलोचोची. जे कळलं ते आधी त्यांच्याकडून, वाचन नंतरचं.

हा भाग पश्चिम झिम्बाब्वेतल्या बुलावायो या मोठ्या शहरापासून वायव्येला साधारण शंभर किलोमीटर. जमीन कलाहारीची वाळू, पाऊस बेभरवशाचा, उत्तरेला ह्वांगे अभयारण्य, त्यामुळे हत्ती पिकात शिरतात. पिकवतात काय, तर बाजरी आणि ज्वारी. बाजरीला तिथल्या एन्डेबेले भाषेत ‘इन्यावुथी’. एका सहकाऱ्याच्या घरी गेलो होतो तेव्हा अंगणात पसरलेली कणसं बघून क्षणभर आपण नगर जिल्ह्यात आहोत की काय असं वाटलं. घरात म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं. कमावती पिढी जोहान्सबर्गला नाहीतर बोट्स्वानात. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

‘खेडी सत्ताधाऱ्यांची’ हे वाक्य पूर्वेकडच्या शोनाभाषक माशोनालँडला लागू आहे. पश्चिमेकडचं माटाबेलेलँड वेगळं, तिथे स्वातंत्र्यलढ्यापासून जोशुआ एन्कोमोंचा झापू हा पक्ष. १९८० च्या निवडणुकीत मतदारसंघ असे नव्हतेच. मतदार याद्या तयार नव्हत्या, म्हणून प्रांतवार पक्षांच्या याद्यांना मतं दिली गेली. ८० जागांपैकी सत्तेवर आलेल्या रॉबर्ट मुगाबेंच्या झानूला (हाच तो झानू-पीएफ) ५७, झापूला २०, आणि झापूच्या जागा मुख्यतः पश्चिमेतल्या.

मग १९८३ आलं. याच्याशिवाय चोलोचोचं कुठलंच मतदान समजत नाही, म्हणून इथे जरा थांबतो. झापूच्या जुन्या लढवय्यांपैकी काही जण सैन्यातून पळून जंगलात गेले होते. त्यांचा बंदोबस्त करण्याच्या नावाखाली जानेवारी १९८३ मध्ये सरकारने उत्तर माटाबेलेलँडमध्ये पाचवी ब्रिगेड उतरवली. ही तुकडी उत्तर कोरियाच्या प्रशिक्षकांनी तयार केलेली, आणि थेट वरून आदेश घेणारी. मोहिमेला नाव मिळालं ‘गुकुराहुंडी’. शोना भाषेत हा शब्द हंगामाआधी येऊन भुसकट वाहून नेणाऱ्या पहिल्या पावसाचा. आपल्याकडे वळवाच्या सरीबद्दल माणूस खुशीत बोलतो, तिथे हा शब्द कुणी मोठ्याने उच्चारत नाही. गावकऱ्यांना एकत्र जमवून मारणं, घरं जाळणं, पुढच्या वर्षी दक्षिणेकडे धान्य अडवणं. कॅथलिक चर्चच्या न्याय-शांती आयोगाने १९९७ साली साक्षी गोळा करून अहवाल काढला, त्यात बारकाईने अभ्यासलेल्या भागांत चोलोचो होतं. मेलेल्यांचा आकडा सर्वसाधारणपणे वीस हजारांपर्यंत सांगितला जातो. आमच्या गोदामात याबद्दल विचारलं तर विषय बदलायचे, आणि विषय बदलण्याच्या पद्धतीवरूनच कळायचं की घरात कुणीतरी गेलेलं आहे.

अशा स्थितीत जुलै १९८५ मध्ये निवडणूक झाली. आता ठरावीक हद्दींचे मतदारसंघ होते. माराने वळवलेली माणसं सरकारच्या बाजूने मत देतील असा हिशेब असेल तर तो साफ चुकला: माटाबेलेलँडच्या पंधराच्या पंधरा जागा झापूला. देशभर झानूला ६४ मिळाल्या आणि पश्चिमेत भोपळा.

२२ डिसेंबर १९८७ ला एन्कोमो आणि मुगाबे यांनी एकीचा करार केला आणि झापू झानूमध्ये विरघळला. त्यामुळे १९९० आणि १९९५ च्या निवडणुकांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. १२० पैकी ११७ आणि मग ११८ जागा एकाच पक्षाला. नकाशावर चोलोचोही सत्ताधाऱ्यांचं दिसतं. पण लोकांचा जुना पक्षच सत्ताधाऱ्यांत जाऊन बसला होता, दुसरा पर्याय समोर होता कुठे?

तो पर्याय १९९९ मध्ये आला, मॉर्गन त्स्वांगिराईंचा एमडीसी. जून २००० मध्ये झानू-पीएफ ६२, एमडीसी ५७, इतकं अटीतटीचं झालं. चोलोचोने एमडीसीच्या म्तोलिकी सिबांडांना निवडून दिलं. पहिली खरी संधी मिळाली, आणि पहिल्याच संधीला सरकार पडलं, निदान त्या मतदारसंघापुरतं.

आता तुमचा अपक्ष. जोनाथन मोयो हा चोलोचोचा माणूस, राज्यशास्त्राचा प्राध्यापक, नव्वदच्या दशकात मुगाबेंवर सडकून टीका करणारा. आणि मग २००० पासून त्याच मुगाबेंचा माहितीमंत्री. २००२ चा वर्तमानपत्रांच्या मुसक्या आवळणारा कायदा त्याच्याच खात्याचा. याच माणसाने पुढे जाहीरपणे सांगितलं आहे की त्याच्या वडिलांना पाचव्या ब्रिगेडने मारलं. वडिलांना मारणाऱ्या सरकारात मुलगा मंत्री कसा होतो, याचं उत्तर माझ्याकडे नाही. चोलोचोच्या लोकांकडेही एकच उत्तर नव्हतं. कुणी म्हणायचं विकला गेला, कुणी म्हणायचं आत शिरून गावाला काहीतरी आणतो तरी. मंत्री असताना गावाकडे कामं आणणारा अशी त्याची ख्याती होती, आणि जिथे वीज-रस्ता या गोष्टी ऐकूनच माहीत, तिथे ख्यातीला मोल असतं.

नोव्हेंबर २००४ मध्ये चोलोचोतल्या ‘दिन्याने’ नावाच्या शाळेत बक्षीस समारंभ होता. निमित्त बक्षिसांचं, बेत वेगळाच: पक्षाच्या रिकाम्या उपाध्यक्षपदासाठी एमर्सन म्नांगाग्वा यांचं नाव पुढे रेटायचं. प्रांताध्यक्षांपैकी बरेच जण तिथे जमले, यजमान मोयो. मुगाबेंना जॉइस मुजुरू हव्या होत्या, त्यामुळे हा प्रकार बंड ठरला. सहा प्रांताध्यक्ष निलंबित झाले आणि मुजुरू उपाध्यक्ष झाल्या. शाळेचा बक्षीस समारंभ देशाच्या राजकारणात ‘चोलोचोचा जाहीरनामा’ या नावाने अमर झाला. बक्षिसं कुणाला मिळाली ते मात्र कुठेच वाचायला मिळत नाही.

पुढचं महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावून सांगायला नको. पक्षाने चोलोचोची उमेदवारी महिलेसाठी राखून ठेवली, मोयोचा पत्ता आपोआप कापला गेला. त्याने बंडखोरी करून अपक्ष अर्ज भरला, मंत्रिपद गेलं, पक्षातून हकालपट्टी झाली. ३१ मार्च २००५ ला तिरंगी लढत: मोयोला आठ हजारांवर मतं, एमडीसीचे मावळते खासदार सिबांडा सहा हजारांवर, झानू-पीएफच्या उमेदवार साडेपाच हजारांवर. म्हणजे चाळीस टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन माणूस खासदार झाला. निवडून आलेल्या १२० मध्ये हा एकच अपक्ष.

तेव्हा ‘लोकांनी पक्ष झुगारून माणूस निवडला’ असं लिहिणाऱ्यांनी आकडे नीट बघावेत. दहातल्या सहांनी मोयोला मत दिलं नव्हतं. पण उलटं टोकही खरं नाही. सत्ताधारी पक्ष तिसरा आला, आणि मुगाबेंनी काढून टाकलेला माणूस ही चोलोचोत बदनामी नव्हती, शिफारस होती. सरकारविरुद्ध मत द्यायचं आणि गावचा वजनदार माणूसही गमवायचा नाही, अशी दुहेरी सोय त्याच्या नावावर होत होती.

२००८ पर्यंत जागा १२० वरून २१० झाल्या, चोलोचोचे उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे झाले आणि एमडीसीचेही दोन. मोयो उत्तरेतून पुन्हा अपक्ष म्हणून जिंकला. या वेळी संसदेत कुणालाच बहुमत नव्हतं. सभापतिपद एमडीसीच्या लव्हमोर मोयोंनी ११० विरुद्ध ९८ मतांनी मिळवलं (दोन्ही मोयो वेगळे, हे आडनाव तिकडे आपल्या जाधवांइतकं), तर आमच्या अपक्षाने त्या निवडीला कोर्टात आव्हान दिलं. मतदान गुप्त राहिलं नाही म्हणून २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती निवड रद्द केली. पुन्हा मतदान झालं आणि तेच लव्हमोर मोयो परत निवडून आले.

त्याआधीच, २००९ मध्ये, जोनाथन मोयो झानू-पीएफमध्ये परतला होता आणि खासदारकी शाबूत राहिली. आपल्याकडे अपक्ष म्हणून निवडून आलेला रीतसर एखाद्या पक्षात गेला तर पद जातं. झिम्बाब्वेत तशी तरतूद २०१३ च्या नव्या घटनेत आली.

२००८ मधला आणखी एक बदल मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्या वर्षीपासून प्रत्येक मतदान केंद्राची मोजणी तिथेच करून निकाल दारावर चिकटवायला लागले. विरोधकांनी त्या कागदांचे फोटो काढून स्वतःची बेरीज केली, त्यामुळे वर आकडे फिरवणं अवघड झालं. पण तीन-चारशे मतदारांच्या केंद्राचा निकाल दारावर लागला की कोणत्या वस्तीने काय केलं हे गावच्या मुखियाला आणि पक्षाच्या माणसाला त्याच संध्याकाळी कळतं. १९८३ आठवणाऱ्या गावात याचा अर्थ काय होतो ते वेगळं सांगायला नको. आपल्याकडेही बूथनिहाय आकडे बाहेर पडतात आणि नंतर ‘तुमच्या गावाने आम्हाला मत दिलं नाही’ हे पाण्याच्या टँकरच्या वेळी ऐकायला मिळतं. तिथे टँकरच्या जागी मदतीच्या मक्याची पोती असतात.

३१ जुलै २०१३ ची निवडणूक झानू-पीएफने देशभर दोन तृतीयांशाने जिंकली. आणि त्या लाटेत मोयो, आता अधिकृत उमेदवार, उत्तर चोलोचोत पडला. एमडीसीच्या रोझलिन एन्कोमो सव्वादोनशेच्या आसपास मतांनी आल्या. अपक्ष म्हणून दोनदा चाललेला तोच माणूस पक्षाचं चिन्ह लावताच चालला नाही, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे. अर्थात मुगाबेंनी त्याला तरीही माहितीमंत्री केलं, कारण नव्या घटनेनुसार तेव्हा राष्ट्राध्यक्षाला पाचपर्यंत मंत्री संसदेबाहेरून घेता येत होते.

२०१४ मध्ये एमडीसी पुन्हा फुटला. फुटून गेलेल्या खासदारांनी पक्ष सोडला असं पत्र २०१५ मध्ये मूळ पक्षाने संसदेला दिलं आणि त्यांची पदं गेली, त्यात रोझलिन एन्कोमोही. १० जून २०१५ च्या पोटनिवडणुकांवर एमडीसीने बहिष्कार टाकला आणि मोयो झानू-पीएफकडून अलगद निवडून आला. मी याला चोलोचोचा कौल मानत नाही. समोरचा पैलवान आखाड्यातच उतरला नाही तर कुस्ती चितपट म्हणायची का?

नोव्हेंबर २०१७ मध्ये लष्कराने मुगाबेंना घालवलं आणि सत्तेवर आले एमर्सन म्नांगाग्वा. होय, तेच, ज्यांच्यासाठी २००४ मध्ये शाळेत मेळावा भरवला होता. तोपर्यंत मोयो त्यांच्या विरोधी गटाचा म्होरक्या झाला होता, त्यामुळे देश सोडून पळाला. २०१८ मध्ये उत्तर चोलोचो झानू-पीएफने जिंकलं. विरोधक तेव्हा पुन्हा दोन चिन्हांवर विभागलेले होते.

म्हणजे १९८५ ते २०१८ बघितलं तर खरा, एकसंध पर्याय असताना या भागाने सत्ताधाऱ्यांना एकदाही निवडलेलं नाही. ते जिंकले ते पर्याय विरघळला, फुटला किंवा रुसून बसला तेव्हा. मोयोचं अपक्ष असणं हा त्यातला सगळ्यात रंगतदार अध्याय, पण नियमाला धरूनच.

आता ती बाहेरगावी गेलेली पिढी. परदेशातून मत द्यायची सोय सरकारी कामावर असलेल्यांनाच आहे, बाकीच्यांनी गावी यायचं. २०१३ चा बुधवार मला आठवतो. आमच्या गोदामातले दोघेच गेले, बाकीचे पोती उचलत होते. नंतर निकाल कळल्यावर त्यांच्यातला एक म्हणाला, “सव्वादोनशे म्हणजे पंधरा कोंबी.” कोंबी म्हणजे तिकडची वडाप, पंधरा माणसांची. फ्रान्सिसटाउनच्या स्टँडवर एका सकाळी त्याहून जास्त भरतात.

२०१८ ला मी भारतात परत आलो होतो. त्याला फोन करून विचारलं, या वेळी गेला होतास का? तर म्हणाला, जाऊन उपयोग नव्हता. यादी सगळी नव्याने केली, बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागत होतं, आणि नोंदणीच्या दिवसांत मालकाने रजा दिली नाही. आईने मात्र नोंदवलं होतं. तिने मत कुणाला दिलं, हे त्याने विचारलं नव्हतं.