नमतं कोण?

प्रिय बाय,

तुझ्या एम.ए.च्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण काल रात्री वाचून काढलं. फोंड्यात पाऊस कोसळतोय, वीज दोनदा गेली, शेवटची पानं टॉर्चवर वाचली. राग मानू नकोस, पण प्रेमात वर कोण आणि खाली कोण, एवढंच मोजत बसलीयस तू.

जयदेव कवीच्या गीतगोविंदाचा दहावा सर्ग पुन्हा उघड. रुसलेल्या राधेला कृष्ण म्हणतो, 'देहि पदपल्लवमुदारम्'. तुझं पाऊल माझ्या माथ्यावर ठेव. देवाच्या डोक्यावर पाय! आख्यायिका म्हणते, इथे जयदेवाचाच हात अडला. तो आंघोळीला गेला आणि त्याचं रूप घेऊन खुद्द कृष्णाने ओळ पुरी केली. खरंखोटं सोड, कवीला धसका कुठे बसला ते तरी कळतं. बाराव्या सर्गात राधा सरळ कामं सांगते: चंदन लाव, केसांत फुलं माळ, मेखला बांध. तो मुकाट करतो. अशा नायिकेला नाट्यशास्त्रात नाव आहे, स्वाधीनभर्तृका: प्रियकर जिच्या मुठीत ती. तू तिला तळटीपेत ढकललंस, ते मला रुचलं नाही.

अर्थात कृष्ण नमतो ते न नमण्याची मुभा असल्यामुळे. झाखर-माझोख या ऑस्ट्रियन लेखकाच्या १८७०च्या 'व्हीनस इन फर्स' कादंबरीतही नायकच मागे लागून बाईला मालकीण व्हायला लावतो. हुकूम तिचा, हट्ट त्याचा.

आणि मुभाच नसेल तर? कामसूत्रात प्रणयातल्या प्रहारांचे नि सीत्कारांचे प्रकार शांतपणे सांगता सांगता वात्स्यायन एकदम माणसांची नावं घेतो. चोलराजाच्या हातून चित्रसेना गणिका मेली. कुंतल शातकर्णी सातवाहनाच्या हातून महादेवी, म्हणजे पट्टराणी, मलयवती. एक नटी एका डोळ्याने गेली. असलं वागणं अनार्य, असा शेरा त्याने आधीच मारलेला असतो; मग तो पुढे सरकतो. ज्या सातवाहनांच्या नावावर आपण गाथासप्तशती हा प्राकृत कवितांचा संग्रह मिरवतो, तेच हे घराणं! गाथेतल्या बायका किती बोलतात बघ; मलयवतीच्या वाट्याला शब्द नाही. प्रकरण इथून सुरू कर.

मग घराकडे ये. आपल्या गोव्यातल्या देवळांच्या भाविणी, कलावंतिणी, म्हणजे देवळांच्या सेवेला बांधलेल्या बायका, 'मी तुझी दासी' गात होत्या तेव्हा ती नुसती कवीची कल्पना नव्हती. राजाराम पैंगीणकरांचं 'मी कोण?' हे आत्मचरित्र अजून वाचलं नसशील तर आधी ते वाच. लहानपणी आमच्या शेजारी एक म्हातारी गायिका राहायची. ओसरीवर पानाचा डबा, बाजूला जुनी पेटी. विरहाच्या एका पदात 'दासी' शब्दावर तान घ्यायला चांगली ऐसपैस जागा होती. ती मात्र तो शब्द उरकून टाकायची आणि पुढच्या 'सख्या'वर घोळत राहायची. मी एकदा विचारलं तर सुपारी कातरता कातरता नुसती हसली.

चवथीला येशील तेव्हा ते पद म्हणून दाखवीन. माझा गळा गेलाय, पण तेवढं जमेल.

तुझे,
सर