गॅरेज नक्की करा, पण कर्जावर नको

नमस्कार,

तुमचं पत्र आणि सोबतचं कोटेशन, दोन्ही नीट वाचलं. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ३ मीटर बाय ६ मीटरचं गॅरेज, त्यात इपॉक्सीची फरशी (काँक्रीटवर चढवायचा कडक राळेचा थर), दोन्ही भिंतींना मांडण्या आणि हिवाळ्यात आत बसून सुतारकाम करता यावं म्हणून ५ किलोवॅटचा विजेचा हीटर. एकूण खर्च तुमच्या घरच्या पाच महिन्यांच्या खर्चाइतका. सगळं काम एकदम दिलं तर कंत्राटदार ५ टक्के सूट देतो आहे, तीही महिनाअखेरपर्यंतच. पैसे कुठून आणायचे, तीन वर्षांच्या १२ टक्क्यांच्या वैयक्तिक कर्जातून की आपत्कालीन निधीतून, हे तुम्हाला विचारायचंय.

दोन्हीकडून नको, असं माझं उत्तर आहे. पण गॅरेज करूच नका, असंही मी म्हणत नाही. सुतारकामाबद्दल तुम्ही ज्या ओढीनं लिहिलंय, ते वाचल्यावर मला हे काम व्हायलाच हवं असं वाटतं. फक्त ते तीन तुकड्यांत व्हावं आणि कोटेशनमधला क्रम बदलावा.

हिशेब सोपा व्हावा म्हणून कोटेशनचा आकडा १०० धरू. त्यात हीटर आणि वायरिंगचे ४५, फरशीचे ३५ आणि मांडण्यांचे २०. दरमहा तुमच्या हातात साधारण ५ शिल्लक राहतात. सामान ठेवायला बाहेर घेतलेल्या जागेचं भाडं महिन्याला १ जातं.

१०० चं कर्ज १२ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी काढलं, तर महिन्याचा हप्ता ३.३२ च्या घरात येतो आणि एकूण परतफेड ११९.५७ होते. म्हणजे नुसत्या व्याजात भिंतीवरच्या सगळ्या मांडण्या झाल्या असत्या. सूट मिळवून ९५ चंच कर्ज काढलं, तरी फेडताना ११४ च्या जवळ जातात. आता कर्ज घेतलं तर बाहेरचं भाडं काही महिने आधी थांबेल, हे खरं आहे. पण ती बचत चार महिन्यांच्या भाड्याची, म्हणजे ४. १९ देऊन ४ वाचवण्यात अर्थ नाही.

आपत्कालीन निधीचा विचार तर मनातून काढूनच टाका. सहा महिन्यांच्या खर्चाची रक्कम तुम्ही बाजूला ठेवलीत, याचं मला खरंच कौतुक वाटतं. त्यातले पाच महिने गॅरेजमध्ये घातले की उरतो एक. महिन्याला ५ प्रमाणे तो खड्डा भरायला २० महिने लागतील, भाडं वाचलं तरी १६-१७. घरात कमावणारं माणूस एकच आहे, असं तुम्हीच लिहिलंय. इतके दिवस घर असं उघड्यावर ठेवायला मी कधीच सांगणार नाही.

आता काम कुठून सुरू करायचं ते पाहू. मांडण्यांपासून. तिन्हींपैकी पैसे परत आणणारं काम हे एकच. चार महिन्यांच्या शिलकीत ते रोखीनं होतं, झालं की भाडं बंद, आणि २० महिन्यांत खर्च वसूल. पण कोटेशनमधला नकाशा पुन्हा बघा. दोन्ही बाजूंना ६० सेंटीमीटर खोल कप्पे दाखवलेत. गॅरेजची रुंदी ३ मीटर, साधारण गाडीची रुंदी १.८ मीटर. दोन्हीकडचे कप्पे मिळून १.२ मीटर. बेरीज बरोबर ३ मीटर! गाडी आरशांसकट आत शिरणार नाही आणि शिरलीच तर दार उघडून उतरणार कसं? ऑर्डर देण्याआधी गाडी आत लावा, चारही दारं पूर्ण उघडा आणि जमिनीवर खडूनं रेघ मारा. रेघेच्या पलीकडची जागाच काय ती तुमची. बहुधा चालकाची बाजू मोकळी ठेवून दुसऱ्या भिंतीला ४० सेंटीमीटरचे कप्पे आणि मागच्या भिंतीला कामाचं टेबल, एवढंच बसेल. छताला टांगते रॅक लावायचे असतील तर ते वजन पेलणाऱ्या तुळईत किंवा स्लॅबमध्येच अडकवायला सांगा, नुसत्या छताच्या पत्र्यात नाही.

फरशीबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण तुमच्या पत्रात एक वाक्य सहज येऊन गेलंय: ‘मागच्या कोपऱ्यात पांढरी पूड येते, ती झाडून टाकतो.’ ती पूड म्हणजे लोणा. काँक्रीटमधून ओल वर येते, तिच्याबरोबर क्षार येतात, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. अशा जमिनीवर इपॉक्सी चढवलं तर वाफ खालून ढकलत राहते आणि थर सुटतो. एका अशिलाच्या गॅरेजमध्ये मी हे स्वतः पाहिलंय. गाडी मागे घेतली तर चारही चाकांच्या जागी जुन्या रंगासारखे पापुद्रे निघालेले, काही टायरला चिकटून आलेले. फरशीला वर्षही झालं नव्हतं. तापलेला टायर थंड होताना थराला ओढतो. खालची पकड कच्ची असेल, तर तो उचलला जातोच.

म्हणून आधी एक बिनखर्चाची परीक्षा करा. साधारण ४५ सेंटीमीटरचा जाड पारदर्शक प्लास्टिकचा चौकोन त्या कोपऱ्याजवळ जमिनीवर ठेवा, चारही कडा टेपनं घट्ट बंद करा आणि निदान १६ तास हात लावू नका. मग उचलून बघा. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब किंवा खालचं काँक्रीट गडद दिसलं, तर ओल आहे. मग आधी बाहेरचं पाणी वळवणं, ओल अडवणारा थर देणं, हे आलं. त्याची एकही ओळ कोटेशनमध्ये नाही. जमीन मशीननं घासून घेण्याचाही उल्लेख नाही, आणि घासून न घेता चढवलेल्या इपॉक्सीवर मी एक पैसाही लावणार नाही. हमीपत्र मागून घ्या आणि खालून येणाऱ्या ओलीमुळे झालेलं नुकसान त्यात धरलंय का, तेवढंच शोधा. बहुधा ते वगळलेलं असतं.

थांबण्यात तुमचं काही जातही नाही. बहुतेक इपॉक्सी साधारण १० अंशांच्या खाली नीट धरत नाही, त्यामुळे ऐन थंडीत हे काम करूच नये. मांडण्या झाल्यावर भाडं धरून महिन्याला ६ उरतील, म्हणजे सहा महिन्यांत फरशीचे ३५ जमतात. तीन-चार वर्षांत घर बदलायचा विचार असेल तर मला स्पष्ट सांगा. मग एकमेकांत अडकणाऱ्या पीव्हीसी लाद्या पाहू, त्या उचलून बरोबर नेता येतात.

हीटर शेवटी. कारण मांडण्या आणि फरशीला एकदा पैसे दिले की झालं, हीटर दरवर्षी बिल पाठवतो. ५ किलोवॅटचा हीटर रोज चार तास, चार महिने पूर्ण ताकदीनं चालला, तर २४०० युनिट होतात. आणि तुमचं दार पत्र्याचं, एकेरी. बाहेर आणि आत २० अंशांचा फरक असेल तर ५ चौरस मीटरच्या अशा दारातून साधारण ५५० वॅट उष्णता सतत निघून जाते. चांगल्या इन्सुलेशनच्या, म्हणजे उष्णता अडवणारा थर असलेल्या दारातून जाते १५० च्या आसपास. दाराखालच्या फटीतून येणाऱ्या वाऱ्याचं नुकसान आणखी तेवढंच असू शकतं, आणि ती फट एका रबरी पट्टीनं बंद होते. आधी पट्टी, मग दाराचं इन्सुलेशन, मग छत, आणि हे सगळं झाल्यावर किती थंडी उरते ते बघून हीटर.

आणखी एक प्रांजळपणे विचारतो. रोज संध्याकाळी काम कराल असं लिहिलंय, पण सध्या आठवड्यात दोनदा, तीन-तीन तास बसता. या वेगानं चार महिन्यांत साधारण १०० तास होतात. तेवढ्यासाठी अख्खी खोली तापवायची गरज नाही. टेबलाच्या वरच्या बाजूला भिंतीला लावलेला १.५ किलोवॅटचा इन्फ्रारेड हीटर हवेपेक्षा माणसाला आणि समोरच्या वस्तूंना ऊब देतो, आणि १०० तासांचे होतात १५० युनिट. लाकडाचा भुसा आणि पॉलिशचे डबे मात्र त्याच्यापासून लांब हवेत. इन्सुलेशन धरून हे सगळं ४५ ऐवजी २०-२५ मध्ये बसेल असा माझा अंदाज आहे.

स्वस्त पडतो म्हणून धुराची नळी नसलेला गॅस हीटर घेऊ का, असंही विचारलंय. नाही. तो आत पाण्याची वाफ सोडतो, म्हणजे ओल वाढवतो. आणि ज्वलन अपुरं झालं की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू, ज्याला रंग नाही, वास नाही. तुमच्या गॅरेजचं दार घरात उघडतं. शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते. म्हणून गाडी असलेल्या जागेत ज्योत किंवा ठिणगीची कोणतीही वस्तू जमिनीपासून निदान ४५ सेंटीमीटर वर ठेवतात. इथे पैसे वाचवू नका. हीटर कोणताही असो, घराच्या बाजूला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. गाडी आत येते, तेवढं कारण पुरे आहे.

घर विकताना खर्च वसूल होईल, हा तुमचा मुद्दा मी हिशेबात धरलेला नाही. कोरडं, नीटनेटकं गॅरेज घेणाऱ्याला आवडतं, पण घातलेले सगळे पैसे क्वचितच परत येतात. वहीत हा खर्च ‘आवडीसाठी’ म्हणूनच लिहा. आवडीसाठी खर्च करण्यात गैर काहीच नाही, कर्ज नसलं की झालं. वर सांगितलेल्या क्रमानं, जमिनीत ओल निघाली नाही तर, साधारण १४ महिन्यांत तिन्ही कामं होतील आणि निधी जसाच्या तसा राहील.

कंत्राटदाराला आज एवढंच कळवा की फक्त मांडण्यांचा, नव्या मापांचा दर द्या. आणि या सुट्टीत तो प्लास्टिकचा चौकोन चिकटवा. उचलल्यावर खाली काय दिसलं ते मला लिहा, फरशीचं पुढचं त्यावरच ठरवू.