वय 52 आहे. 58 पर्यंत नोकरी ओढावी की आताच सोडून घराला वेळ द्यावा?

तुम्ही लिहिलंय की चाकणच्या कारखान्यात 2002 पासून आहात, बेसिक अधिक डीए 40,000, मुलगी दहावीत, आई थकलेली, आणि घरचे म्हणतात 'अजून सहा वर्षं काढ'. माझं मत: काढू नका. बारावी झाली की मुलगी शिकायला बाहेर पडेल. तुमच्या हातात तिची घरातली दोन-अडीच वर्षं आहेत, सहा नाहीत. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात ती शाळेतून येते तेव्हा तुम्ही मशीनवर असता, आणि तुम्ही दार वाजवता तेव्हा ती झोपलेली असते.

'घरच्यांसाठीच तर राबतोय' हे वाक्य मला अजिबात पटत नाही. त्या राबण्यातून म्हातारपणासाठी नेमकं काय वाढतं ते कागदावर मांडा. ईपीएस (पीएफबरोबरची पेन्शन योजना) पेन्शन म्हणजे पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले 70, आणि सप्टेंबर 2014 पासून पगाराची मर्यादा 15,000. म्हणजे आणखी सहा वर्षांनी पेन्शन वाढणार महिन्याला सुमारे 1,286 रुपये. ग्रॅच्युइटी दरवर्षी 15 दिवसांचा पगार, महिना 26 दिवसांचा धरून. आजच्या बेसिकवर सहा वर्षांचे सुमारे 1,38,000. पीएफमध्ये भर पडते ती खरी, ती नाकारत नाही. पण ज्याच्यासाठी रविवार जातात त्या ओव्हरटाइमवर पीएफ कापला जात नाही आणि तो ग्रॅच्युइटीतही धरत नाहीत. दुप्पट दराने मिळतो आणि त्याच महिन्यात खर्च होतो. नोकरी सोडणं जमत नसेल तर निदान ओव्हरटाइम तरी उद्यापासून बंद करा.

आता सोडताना लोक कुठे फसतात ते. सगळ्यात महाग चूक म्हणजे पन्नाशीनंतर मिळते म्हणून लगेच पेन्शन सुरू करणं. 58 च्या आधीच्या प्रत्येक वर्षाला 4 टक्के कापतात, आणि ती कपात कायमची. फॉर्म 10सी भरून स्कीम सर्टिफिकेट (आतापर्यंतच्या सेवेचा दाखला) घ्या, 58 पूर्ण झाल्यावर पेन्शनसाठी फॉर्म 10डी भरा. वीस वर्षं भरलेली असतील आणि पेन्शन 58 ला सुरू केली तर दोन वर्षांचा वेटेजही मिळतो, म्हणजे सेवा दोन वर्षं जास्त धरतात. यूएएनवर (तुमच्या पीएफ खात्याच्या कायम नंबरवर) 'डेट ऑफ एग्झिट', म्हणजे नोकरी सोडल्याची तारीख, पडली का ते बघा. कंपनीने टाकली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी स्वतः टाकता येते. तारीख नसली की क्लेम अडकतो. पीएफ सगळा उचलून फ्लॅटमध्ये घालू नका. खात्यावर व्याज चालू राहतं, फक्त नोकरी सुटल्यानंतरच्या व्याजावर कर लागतो.

मेडिक्लेम तर सोडायच्या आधीच. कंपनीचं कव्हर नोकरीबरोबर जातं, आणि नव्या पॉलिसीत बीपी-शुगरसारख्या आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं. म्हणून आजच स्वतःची पॉलिसी घ्या, म्हणजे तो काळ कंपनीचं कव्हर असतानाच कटायला लागेल. आईला फ्लोटरमध्ये (सगळ्या घराच्या एकत्र पॉलिसीत) घालू नका, सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर हप्ता ठरतो; तिची वेगळी काढा.

पैसे किती लागतील? मागच्या बारा महिन्यांचं पासबुक काढून खरा खर्च काढा. 35,000 निघाला तर 58 पर्यंतच्या 72 महिन्यांचे 25,20,000. महागाई धरून 30 लाख बाजूला हवेत, आणि मुलीच्या शिक्षणाचे त्याच्याबाहेर. हे पैसे पीएफला हात न लावता उभे राहत असतील तर थांबायचं कारण उरत नाही. काही कमी पडत असतील तर दिवसाची, घराजवळची, कमी पगाराची नोकरी बघा. लोक हसतील, हसू द्या.

राजीनाम्याआधी एक महिना ईएल (साठलेली पगारी रजा) काढून घरीच राहा. गावी नाही, लग्नाला नाही. आईला ओपीडीत नेणं, मुलीचा डबा, बाजार हे सगळं त्या महिन्यात तुमच्याकडे घ्या. घरी बसून फक्त टीव्ही लागत असेल तर घराला वेळ मिळत नाही, घरात एक माणूस वाढतो. आणि बायकोला आधी विचारा. तिची घडी तुमच्याशिवाय बसलेली आहे, त्यात तुम्ही कुठे बसणार हे तिच्याशी बोलून ठरवा.

हे सगळं गृहकर्ज फिटलेलं आहे असं धरून लिहिलंय. हप्ते बाकी असतील तर आधी ते. युनियनचा पगारवाढीचा करार तोंडावर असेल तर सही होऊन नवा बेसिक लागेपर्यंत थांबा, कारण ग्रॅच्युइटी शेवटच्या बेसिकवर निघते. आणि व्हीआरएस (कंपनीची स्वेच्छानिवृत्ती योजना) येणार अशी कुजबुज असेल तर साधा राजीनामा देऊ नका: नियमात बसणाऱ्या व्हीआरएसच्या रकमेला 5 लाखांपर्यंत आयकर माफ असतो, राजीनाम्याला ती सवलत नाही.